बिघाडातली हाक

कलादालनात टाळ्या पडल्या आणि म्हातारा अलोइझी मोठ्याने म्हणाला, “ही ती नव्हे.”

मोठ्यानेच म्हणाला. ज्याचा जन्म खाणीत दगड फोडणाऱ्या यंत्रांशेजारी गेला त्याला हळू बोलणं कुठून येणार? टाळ्या चपापून थांबल्या. प्रदर्शन मांडणारी कोर्नेलिया बाई, अंगभर काळे कपडे आणि तोंडभर हसू, वाकून विचारायला लागली की आजोबा, काय नव्हे? आजोबांनी टोपी डोक्यावर चढवली आणि मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणजे झेनेक. पन्नाशी ओलांडलेला, टक्कल पडलेला, लिफ्ट दुरुस्त करणारा. भिंतीवर जे चाललं होतं ते त्यानेच केलेलं होतं, अठरा-एकोणीस वर्षांचा असताना.

भिंतीवर चौकोनी ठिपक्यांची कोकभट्टी पेटली होती. धुराड्यातून निघालेली अक्षरं खाली सरपटत होती, ढोल वाजत होता, आणि ढोल थांबला की एक बाई ओरडत होती. “झेनेक! क्लुस्की गार होताहेत!” असं ती ओरडत असावी, म्हणजे बटाट्याचे उकडलेले, मधे खळगा पाडलेले गोळे. ऐकू येत होतं ते मात्र बदकाच्या नरड्यातून आल्यासारखं. लोक हसले होते, मग त्यांना ते फार आवडलं होतं, मग त्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. शेजारी पाटी होती. यंत्राच्या गैरवापरातून जन्मलेली लोककला, असं काहीबाही. खाली झेनेकचं आणि त्याच्या तेव्हाच्या दोस्ताचं, राइमुंडचं, नाव. त्याखाली बारीक अक्षरात: आवाज, अनामिक स्त्री.

अनामिक! एल्फ्रिदा नाव होतं तिचं, झेनेकच्या आईचं. पोलंडमधल्या बितोमच्या त्या लाल विटांच्या चाळीत आंधळ्याला विचारलं असतं तरी त्याने दार दाखवलं असतं. पण ज्यांना कलेचा पुळका येतो त्यांना नाव विचारायची सवय नसते. ज्या पोरांना तेव्हा सगळं गाव ‘वाया गेलेली’ म्हणत होतं, त्यांचा आता वारसा झाला होता. वारसा झाला की काचेमागे ठेवायचा, आणि काचेमागच्या वस्तूला आई नसते.

कोर्नेलिया बाईचा बिचारीचा दोष एवढाच की ती भली होती. झेनेकने बापाचा हात धरला आणि दोघं ट्राममध्ये येऊन बसले.

बरेच थांबे गेल्यावर म्हातारा बोलला. “चेहरा आहे माझ्याजवळ. फोटो आहेत. आवाज गेला रे. मागच्या हिवाळ्यापर्यंत यायचा. भांडं पडलं की यायचा, दार वाजलं की यायचा. आता बसून बसून आठवतो तरी येत नाही.” मग खिडकीकडे तोंड करून, “तुझ्या त्या डब्यात होती ती. म्हणून आलो होतो. चित्रं बघायला नव्हतो आलो.”

झेनेक म्हणाला, “आणतो बाबा. तुम्हाला ऐकवतो.”

बोलून बसला खरा. पण कुठून आणणार होता?

आईला जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. घरात तिच्या आवाजाचा तुकडा नव्हता. झेनेकच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट होती, तीत ती तोंड हलवत होती, पण कॅसेट करणाऱ्या गाढवाने वरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाल्ट्झचं संगीत डकवलं होतं. उरला तो एकोणनव्वद सालचा डेमो, कलादालनात दाखवत होते तोच.

डेमो म्हणजे कशालाच उपयोगी न पडणारा कॉम्प्युटरचा प्रोग्राम. खेळता येत नाही, हिशेब करता येत नाही. कॉम्प्युटरकडून जे होणार नाही असं कंपनीने छापलेलं असतं ते त्याच्याकडून करून दाखवायचं, बस. दोघांचा गट होता, झेनेक आणि राइमुंड, आणि नाव ठेवलं होतं ‘कोकभट्टी’. कॉम्प्युटर राइमुंडचा, त्याच्या मामाने पश्चिम जर्मनीतून पाठवलेला, तपकिरी, पावाच्या लादीसारखा फुगीर. त्यातल्या आवाजाच्या चिपला तीन सूर काढता यायचे आणि माणसासारखं बोलता यायचं नाही. पण तिच्यात एक खोट होती. आवाज लहानमोठा केला की ती ‘टक्’ करायची. बनवणाऱ्यांना त्या टक्‌ची लाज वाटायची. पोरांना त्यात सोनं दिसलं. सेकंदाला हजारो वेळा ती टक् लहानमोठी करत राहिलं की टकटकीचं बोलणं होतं. म्हणजे चिप बोलत नव्हती, तिचा बिघाड बोलत होता.

आता बोलायला काय लावायचं? काम चालायचं झेनेकच्या खोलीत, आणि दाराबाहेर त्याची आई ओरडत होती. रोजच ओरडायची. पोरांनी दाराच्या फटीला मायक्रोफोन लावला आणि ते कॅसेटवर उतरवलं.

राइमुंडच्या यंत्रातली चिप इतरांहून जास्त बिघडलेली होती. आधी आई बोकडासारखी निघाली. झेनेकने हट्टाने एकेक आकडा बदलत, भिंतीपलीकडे आई खरी बोलत होती तिच्याशी ताडून पाहत, डब्यातली आई तिच्यासारखी केली. इतकी तिच्यासारखी की रात्रपाळी करून झोपलेला अलोइझी त्या दुपारी तीनदा उठून ताटावर जाऊन बसला. तिसऱ्यांदा एल्फ्रिदाने त्याला विचारलं, “खाणीत डोक्यावर काही पडलं का?” मग त्याला उमगलं, आणि त्याने पोरांना चपलेने बडवलं. एल्फ्रिदा ॲप्रनला हात पुसत दारात उभी राहून हसून हसून रडली. डब्याला म्हणाली, “बाई गं, माझ्याऐवजी तूच ओरड आता.”

डेमो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर, पाकिटातून पाकिटात, हद्दी ओलांडून गेला. नॉर्वेतल्या पोरांना बितोम नकाशावर दाखवता आलं नसतं, पण तिथे क्लुस्की गार होताहेत हे त्यांना पाठ होतं.

आणि मूळ कॅसेट? तिच्यावर दोघांनी गेम भरून घेतला. मोटारींच्या शर्यतीचा. कोरी कॅसेट मिळायची मारामार होती, आणि आई तर काय, उद्याही ओरडणारच होती.

तेव्हा आता कुणाच्याही यंत्रात तो डेमो घातला तर बदक निघायचं, नाहीतर बोकड. कलादालनातला नवा कॉम्प्युटर तर जुन्याचं सोंग करणारा. जगातल्या सगळ्या चिपांची सरासरी काढून त्याला बोलायला शिकवलेलं. सरासरीत कुणाची आई सापडते? ती होती एकाच चिपमध्ये, एकाच बिघाडात. आणि ती चिप राइमुंडकडे होती.

राइमुंडशी झेनेक तीस वर्षांवर बोलला नव्हता.

डेमो पुरा झाला त्याच पानगळीत राइमुंडच्या घरच्यांनी गाशा गुंडाळला आणि जर्मनी गाठली. तेव्हा अर्धं गाव जात होतं. पण राइमुंड न सांगता गेला, कॉम्प्युटर घेऊन गेला. झेनेक सकाळी गेला तर दाराला कुलूप. या डेमोवाल्यांत एक रीत असते: डेमोच्या शेवटी सरपटणाऱ्या अक्षरांत दोस्तांना नमस्कार पाठवायचे. कुणाला वगळलं तर तो अपमान. झेनेकने दुसऱ्याच्या यंत्रावर पुढचा डेमो केला, त्यात साऱ्या युरोपला नमस्कार घातले आणि शेवटी लिहिलं: राइमुंडला नमस्कार नाही. वगळलं असतं तर एकवेळ चाललं असतं. हे वाक्य फ्लॉपीवर बसून जर्मनीत, डॉर्टमुंडपर्यंत गेलं. राइमुंडने ते निर्वासितांच्या वसतिगृहात, उसन्या टीव्हीवर, चार अनोळखी पोरांच्या देखत वाचलं.

आता झेनेक फोन हातात घ्यायचा आणि ठेवायचा. बायको म्हणाली, एवढ्यात माणूस डॉर्टमुंडला चालत गेला असता. शेवटी लावला.

राइमुंडने नाव ऐकलं आणि म्हणाला, “कोण? नमस्कार न करणारा?”

झेनेकने माफी मागितली नाही, त्याला ते येत नव्हतं. म्हाताऱ्याचं सांगितलं. ट्राममधलं सांगितलं. मग राइमुंड बोलला तो काल भेटल्यासारखा. यंत्र तळघरात आहे, टाकवलं नाही कधी, मेलं असेल तर माहीत नाही. सर्व संतांच्या दिवशी आईबापाच्या थडग्यावर दिवे लावायला तो दरवर्षी बितोमला येतच होता. दरवर्षी! झेनेकच्या चाळीवरून गाडी हळू करून जात होता. या वेळी यंत्र घेऊन येईन म्हणाला.

झेनेकने बापाला सांगितलं. म्हाताऱ्याने त्या दिवसापासून दाढी रोज करायला सुरुवात केली.

पहिल्या नोव्हेंबरला कबरस्तानातून परतलेल्या माणसांच्या कपड्यांना मेणाचा आणि शेवंतीचा वास येत होता. राइमुंड म्हाताऱ्याच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या आधी त्याचं पोट आत आलं. हातात यंत्राचं खोकं, खोक्यावर कॉफीचं पुडकं आणि चॉकलेटं.

“कॉफी आणलीस?” अलोइझी म्हणाला. “पोरा, कम्युनिस्ट गेले. इथे दुकानात मिळते आता.”

“सवय काका,” राइमुंड म्हणाला आणि वाकून त्याच्या हाताशी गाल घासला. झेनेकला त्याने नुसता खांदा दिला, धक्का दिल्यासारखा. झेनेकने धक्का परत दिला. तेवढ्यात त्यांचं काय ते मिटलं किंवा मिटलं नाही.

म्हाताऱ्याने जुना जाड टीव्ही फेकला नव्हता. त्याला यंत्र जोडलं. म्हातारा मधोमध खुर्ची ओढून बसला, कानातलं यंत्र नीट केलं, कोट घातलेलाच ठेवला. पाहुण्यांसमोर बसावं तसा.

कोकभट्टी पेटली. संगीत सुरू झालं, आणि झेनेकचा चेहरा उतरला. फार स्वच्छ होतं. जुन्या यंत्रात संगीताखाली नेहमी एक घरघर असायची, थंडीत झोपलेल्या कुत्र्यासारखी. ती नव्हती.

“ऐकतोयस?” राइमुंड खुशीत होता. “मागच्या आठवड्यात आमच्याकडच्या एका माणसाला दाखवलं. म्हटलं काकांपुढे घरघर नको. नवी चिप बसवून दिली त्याने. नंतरच्या सालातली, सुधारलेली. काय आवाज आहे बघ.”

ढोल थांबला. जिथे आईने ओरडायचं तिथे काही आलं नाही. टीव्हीला कान लावला असता तर मुंगी चालल्यासारखी खसखस ऐकू आली असती, तेवढीच. मग ढोल पुन्हा सुरू झाला.

सुधारलेल्या चिपमधून बनवणाऱ्यांनी ती टक् काढून टाकली होती. दुखणं बरं केलं होतं, आणि बाई त्या दुखण्यातच राहत होती.

“जुनी कुठे आहे?” झेनेकने विचारलं.

राइमुंडला आत्ता कळत होतं. तो राखेसारखा झाला. “अर्धी मेलेलीच होती ती. त्याने तिथेच... टाकली असेल.” मग म्हणाला, “झेनेक, मला वाटलं छान करून न्यावं.”

वाईट माणसाला शिवी तरी घालता येते. चांगल्या माणसाने प्रेमाने वाटोळं केलं की तोंडातली शिवी तोंडातच कुजते. झेनेकने घातली नाही. म्हातारा दोघांकडे आळीपाळीने बघत होता. “अजून आली नाही का?” त्याने विचारलं. “की मलाच ऐकू आलं नाही?”

त्या प्रश्नाने दोघं हलले. राइमुंडने कोट काढला, बाह्या सरसावल्या. बऱ्या चिपला पुन्हा आजारी पाडायची युक्ती या लोकांना ठाऊक असते: एका पायाला, जिथे लावू नये तिथे, एक बारीकसा रेझिस्टर सोल्डर करायचा. गुण जातो, खोट परत येते. लिफ्टवाल्याच्या पिशवीत सोल्डरिंगचं सामान होतंच. टेबलावर, क्लुस्कीच्या परातीशेजारी, दोन ढेरपोट्यांनी डोकी जवळ आणून ते वाकडं काम केलं. राइमुंड सोल्डर लावत होता आणि झेनेकने त्याचं मनगट धरलं होतं.

पुन्हा लावलं. ढोल थांबला आणि कुणीतरी बोललं.

“ही बाई स्टेशनवर गाड्यांच्या वेळा सांगते,” अलोइझी म्हणाला.

झेनेकने आकडे बदलायला घेतले. आता भिंतीपलीकडे ताडून बघायला आई नव्हती, फक्त हा म्हातारा होता. पण म्हाताऱ्याचा कान साधासुधा नव्हता. त्याने तीस वर्षं खाणीच्या बँडमध्ये ट्युबा, ते भलंमोठं पितळी वाद्य, वाजवलं होतं. तो डोळे मिटून सांगत गेला आणि मुलगा आकडे हलवत गेला.

“वर घे. एवढं नको. ही तुझी मावशी झाली. मावशी नको मला.”

“आता?”

“आता सर्दी झालीय. शेवटचं अक्षर ती सोडायची नाही, ओढायची. दोरीवर कपडा पिळल्यासारखं.”

राइमुंड म्हणाला, मला आठवतं, ‘झे’वर जोर असायचा. म्हातारा म्हणाला, तुला काय आठवणार, तुझं लक्ष तिच्या क्लुस्कीवर. बाहेर अंधारून आलं. क्लुस्की खरंच गार झाले, त्यांच्या खळग्यांतला रस्सा गोठला, कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. झेनेकला वाटायला लागलं की आपण एकोणीस वर्षांचे आहोत आणि आत्ता दार लाथेने उघडून ती आत येणार आहे. त्याने आणखी एक आकडा खाली आणला.

“झेनेक! क्लुस्की गार होताहेत!”

राइमुंडने तोंडावर हात ठेवला. होती. जवळजवळ होती. शेवटी जरासा पत्रा वाजत होता, बाकी होती. झेनेकने बापाकडे पाहिलं.

म्हातारा पांढरा पडला होता. “थांबव,” तो म्हणाला.

“बाबा, अजून थोडंच राहिलंय. तो पत्रा काढला की...”

“थोडं राहिलंय म्हणूनच थांबव. आणखी दोनदा ऐकली तर हीच बसेल माझ्या डोक्यात. मग खरी आली तरी जागा नसेल.” तो खुर्चीत पुढे सरकला. “तुम्ही तिच्यावर मोटारी भरल्या होत्या ना? तसं माझ्यावर नका भरू.”

मोटारींच्या शर्यतीचं म्हाताऱ्याला माहीत आहे हे झेनेकला माहीत नव्हतं. आईने सांगितलं असणार. झेनेकला मात्र ती काहीच बोलली नव्हती.

“मघाशी गप्प होती ना,” अलोइझी म्हणाला, “तशी वाजव.”

“त्यात ती नाहीये बाबा.”

“तुला कोण विचारतंय? काढ ते जे लावलंस ते.”

राइमुंडने रेझिस्टर काढला. चिप पुन्हा धडधाकट झाली. भट्टी पेटली, अक्षरं सरपटली, स्वच्छ, बिनघरघरीचं संगीत सुरू झालं. म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि मांडीवर एक बोट टेकवलं. ट्युबावाल्याचा अर्धा जन्म वाजवण्यात जातो आणि अर्धा गप्प बसून मात्रा मोजण्यात. बाकीचे वाजवत असतात तेव्हा आपली जागा चुकू नये म्हणून. तो मोजत होता. ढोलाबरोबर बोट उठत होतं, पडत होतं.

ढोल थांबला. बोट हवेत राहिलं.

सारं संगीत या जागेभोवती झेनेकनेच बांधलं होतं. सूर इथे बाजूला होत होते, तिच्या चार शब्दांच्या मापाची वाट मोकळी ठेवत होते, आणि ती संपल्यावरच ढोल परत येत होता. वाट मोकळी होती. झेनेकने कान लावला. फ्रिज ऐकू आला. खाली कुणाची तरी गाडी ऐकू आली.

म्हाताऱ्याचं तोंड किंचित वाकडं झालं, जसं ते नेहमी व्हायचं, तिच्या हाकेने झोपमोड झाली की.

“ऐकलं, ऐकलं,” तो पुटपुटला. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला, दोघांच्या मधून वाट काढत टेबलाशी गेला आणि आपल्या जागेवर बसला. गार क्लुस्कीची परात पुढे ओढली आणि काटा उचलला.

राइमुंड रडत होता आणि ते लपवत नव्हता. झेनेक टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसून होता. आकडे त्याने लिहिले होते, जागा त्याने सोडली होती, हाक तर त्याच्याच नावाची होती. पडद्यावर शेवटची अक्षरं सरपटून गेली, सगळ्यांना नमस्कार घालून. ढोल बंद झाला.

त्याने डेमो पुन्हा पहिल्यापासून लावला आणि कान टीव्हीच्या जाळीला टेकवला.